कालव्याच्या काठाने तुलूझ ते सेत : दोघांची आठ दिवसांची सायकल सहल

आमच्या घरात एक सायकलवाला आहे आणि एक सायकलवाली म्हणवून घेणारी. नवरा दर रविवारी पहाटे उठून खडकवासल्याच्या पलीकडे जाऊन येतो. माझी सायकल भाजी आणि बँक सोडून फारशी कुठे जात नाही. अशा जोडप्याने आठ दिवस बरोबर सायकल चालवायची आणि परत येताना एकमेकांशी बोलतही असायचं, तर जागा नीट निवडावी लागते. फ्रान्सच्या दक्षिणेला कानाल द्यु मिदी नावाचा कालवा आहे. आम्ही त्याच्या काठची वाट निवडली. ती कशी आखायची, कुठे थांबायचं आणि कुठे फसायचं नाही, ते सांगते.

कालवा म्हटलं की पुणेकराच्या डोळ्यांपुढे मुठा उजवा कालवा येतो. तो थोडा वेळ विसरा. हा कालवा तुलूझ शहरातून निघून 240 किलोमीटर जातो आणि भूमध्य समुद्राला लागून असलेल्या ‘तो’ नावाच्या खाऱ्या सरोवरात उतरतो. सतराव्या शतकात माल आणि माणसं नेण्यासाठी तो खणला, 1996 पासून तो युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. नावा ओढणारे घोडे काठच्या ज्या वाटेने चालायचे, तिच्यावरून आता सायकली जातात. पाण्याला चढ चालत नाही, म्हणून वाटेलाही नाही. अख्ख्या प्रवासातली सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून सुमारे 190 मीटरवर, म्हणजे पर्वतीच्या टेकडीच्याही कितीतरी खाली.

ही वाट निवडण्याचं खरं कारण मात्र रेल्वे आहे. तुलूझ, कॅस्तेलनोदारी, कारकासोन, नारबोन, बेझिए, आग्द, सेत ही सगळी स्टेशनं एकाच मार्गावर, आणि तो मार्ग बराच काळ कालव्याच्या आसपास राहतो. पाऊस लागला, गुडघा दुखला, अबोला झाला, तर जवळचं स्टेशन गाठायचं, सायकल घेऊन गाडीत बसायचं आणि पुढच्या मुक्कामी उतरायचं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना इतकी सुटकेची सोय दुसरीकडे सहसा मिळत नाही.

कधी जायचं

मे महिन्याचा उत्तरार्ध ते जून अखेर, किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन तापतं, खोल्या महागतात आणि अर्धा फ्रान्स सुट्टीवर येतो. मे महिन्यात 1 आणि 8 तारखेला सार्वजनिक सुट्टी असते, त्याला जोडून लोक लांब रजा काढतात. ते दिवस मुक्कामासाठी टाळा किंवा फार आधी खोली धरा. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. त्यामुळे सकाळी नऊला निघालं तरी घाई नाही.

दिशा कुठली, हा प्रश्न वाऱ्याला विचारायचा. इथे दोन वारे आहेत. सेर्स हा वायव्येकडून, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा कोरडा वारा. ओतां हा उलटा, आग्नेयेकडून तुलूझकडे सुटतो. वर्षभराचा हिशोब धरला तर कारकासोनच्या परिसरात सेर्स जास्त वेळा भेटतो, म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे, तुलूझहून सेतकडे जायचं. शिवाय शेवटी समुद्र असला की पॅडल मारायला बरं वाटतं. ओतां सुटला तर त्या दिवशी हुशारी दाखवू नका. तुलूझकडे त्याला वेड लावणारा वारा म्हणतात. अर्धा दिवस त्याच्यासमोर सायकल चालवल्यावर मला ते पटलं.

व्हिसा आणि विमान

शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान 15 दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात मे-जूनसाठी मार्चमध्ये भेटीची वेळ मिळवा, कारण तेव्हा अख्खा महाराष्ट्र युरोपला निघालेला असतो. फी मोठ्यांना 90 युरो. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा. त्यात सायकल चालवताना झालेली दुखापत धरली आहे का, ते पॉलिसीत वाचून घ्या, एजंटच्या तोंडी आश्वासनावर राहू नका. अर्जात रोजचा मुक्काम दाखवावा लागतो आणि आपण तर रोज नव्या गावात. सगळ्या खोल्या फुकट रद्द करता येतील अशाच धरायच्या आणि तारखांचा एक साधा तक्ता जोडायचा : तारीख, गाव, मुक्काम, किलोमीटर. सायकलने फिरणार हे लपवू नका. त्या तक्त्यामुळेच दर रात्री चाळीस किलोमीटर पुढचं नवं गाव का, हे समोरच्याला कळतं.

मुंबईहून तुलूझला पॅरिस किंवा फ्रँकफर्टमार्गे विमान बदलून जाता येतं. पॅरिसला उतरून रेल्वेने गेलात तर साधारण साडेचार तास. जायचं आणि यायचं तिकीट दोन्ही तुलूझचंच काढा. त्याचं कारण सामानात येईल.

सायकल : इथे घाई नको

आपली सायकल खोक्यात घालून नेऊ नका. या मार्गावर भाड्याने सायकल देणारे बरेच आहेत, त्यातले काही तुलूझला सायकल देतात आणि सेतला परत घेतात. ईमेल करून चार गोष्टी लिहून घ्यायच्या. सायकल दुसऱ्या गावी सोडायचे पैसे वेगळे का? कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, कुलूप, पंप आणि जादा ट्यूब भाड्यात धरलीय का? टायर किती रुंद? वाटेत बिघडली तर कोणाला फोन करायचा?

टायर 40 मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर नको म्हणा. तुलूझपासून पहिले पन्नासेक किलोमीटर गुळगुळीत डांबर आहे आणि त्याने माणूस फसतो. ओद जिल्हा लागला की ते संपतं. पुढे कुठे बारीक खडी, कुठे मातीची पायवाट, आणि कुठे कालव्याकाठच्या चिनार जातीच्या झाडांची मुळं वाटेवर मनगटाएवढी वर आलेली. सपाट रस्ता म्हणजे सोपा रस्ता नाही, हे मला तिसऱ्या दिवशी माकडहाडाने शिकवलं. उतार नाही म्हणजे पाय थांबवून आरामात सुटायची सोय नाही. दिवसभर पॅडल मारतच राहावं लागतं आणि सीटवर बसूनच राहावं लागतं. म्हणून दर अर्ध्या तासाने उतरून शंभर पावलं चाला.

सायकल हातात आल्यावर पहिलं काम ब्रेकचं. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाला आणि डावा मागच्या चाकाला असतो. तिकडे सहसा उलट : डावा पुढचा. मला हे दुकानात सांगितलंही होतं, मी मानही डोलावली होती. तुलूझच्या बाहेर पडतो न पडतो तोच बदकीण आणि तिची सहा पिल्लं आडवी आली आणि चाळीस वर्षांच्या सवयीने मी डावा ब्रेक आवळला. मागचं चाक उचललं गेलं, मी हँडलवर. लागलं फारसं नाही. पण नवऱ्याने त्याच संध्याकाळी माझ्या डाव्या ब्रेकला लाल दोरा बांधला आणि तो शेवटपर्यंत तसाच ठेवला. तुम्ही निघण्याआधीच बांधा, आणि रिकाम्या जागेत दहा मिनिटं फक्त थांबायचा सराव करा.

वाहतूक उजव्या बाजूने. सरळ जाताना लक्षात राहतं, चुकतं ते थांबून पुन्हा निघताना, विशेषतः वळल्यावर. कानात इअरफोन घालून सायकल चालवायला बंदी आहे, दंड 135 युरो. घंटी आणि दिवे हवेत, अंधारात गावाबाहेर रिफ्लेक्टरचं जॅकेट सक्तीचं. हेल्मेट मोठ्यांना सक्तीचं नाही, तरी घाला. दारू पिऊन सायकल चालवणं हाही गुन्हाच आहे. वाट द्राक्षमळ्यांतून जाते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

ई-बाईक घ्यावी का? माझं मत : दोघांनी घेऊ नये. ती जड असते, रेल्वेच्या पायऱ्यांवर उचलताना पाठ धरते. दोघांच्या दमात खूपच फरक असेल तर कमी दमाच्या माणसाने एक घ्यावी. फरक थोडा असेल तर त्याहून स्वस्त इलाज आहे. सगळं सामान दमदार माणसाच्या सायकलला लटकवायचं. आठ-दहा किलोने माझ्या नवऱ्याचा वेग अगदी माझ्याएवढा झाला.

सराव आणि सामान

निघण्याआधी दोन महिने आठवड्यातून दोनदा सायकल काढा, आणि शेवटच्या महिन्यात निदान एकदा सलग दोन दिवस प्रत्येकी तीस किलोमीटर करा. पहिला दिवस कोणीही मारतो. दुसऱ्या सकाळी त्याच सीटवर पुन्हा बसता येतं का, ते कळायला हवं. गादीची सायकल चड्डी दोघांनी घ्याच, लाजू नका. वरून सैल कुर्ता घातला की झालं.

मोठ्या बॅगा तुलूझच्या हॉटेलात ठेवायच्या आणि सहल संपवून तिथेच परत यायचं, म्हणून जायचं-यायचं तिकीट तुलूझचं. बहुतेक हॉटेलं ठेवू देतात, पण खोली धरतानाच विचारा. सायकलवर माणशी दोन जोड कपडे, एक गरम जॅकेट, पावसाचं जॅकेट, औषधं, कैलासजीवन. मी बाकी सगळं विसरले असते तरी चाललं असतं. गावागावांत बॅगा पोचवणाऱ्या गाड्याही मिळतात, पण एवढ्या कमी सामानासाठी तो खर्च आम्हाला पटला नाही.

खाऊबद्दल एक इशारा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी गेलं. ताजी फळं आणि पानंही प्रमाणपत्राशिवाय नाहीत : मे महिना आहे म्हणून हापूसची पेटी न्यायला जाऊ नका, कढीपत्ताही नाही. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, खाकरे, भडंग, तेलावर भाजलेले धपाटे यांना अडचण नाही.

रोजचा मार्ग

दिवसाला चाळीसेक किलोमीटर, शेवटचा दिवस सोडला तर त्याहून जास्त नाही. वाटेवर साठ-सत्तर मारणारे भेटतात, त्यांना हात करा आणि पुढे जाऊ द्या.

तुलूझला दोन रात्री राहा, झोपेचं घड्याळ जुळेपर्यंत. विटांचं गुलाबी शहर आहे, सां-सेर्नां हे जुनं चर्च आणि कापितोलचा चौक पायी बघून होतो. कालवा रेल्वे स्टेशनच्या समोरूनच जातो, तिथून वाट पकडणं सोपं.

पहिला दिवस, गार्दूश या जलपाशापर्यंत 39 किलोमीटर. मुक्काम शेजारच्या व्हिलफ्रांश-द-लोरागेला. जलपाश म्हणजे शाळेत पनामा कालव्याच्या धड्यात होता तोच : दोन दारांमधला हौद, पाणी भरलं की नाव वर, सोडलं की खाली. इथले हौद चौकोनी नाहीत, लंबगोल आहेत. सुरुवातीला सरळ भिंती बांधल्या होत्या, त्यातली एक मातीच्या दाबाने आत कोसळली. मग भिंतींना कमानीसारखा बाक दिला. पहिल्या जलपाशाशी नाव वर चढताना पूर्ण बघा, पंधरा-वीस मिनिटं जातील. दोर धरून काठावर उभी राहिलेली बायको आणि नावेतून तिला ओरडून सूचना देणारा नवरा हे दृश्य सगळ्या देशांत सारखंच असतं, हेही कळतं.

दुसरा दिवस मुद्दाम छोटा ठेवायचा, पंचवीस-सव्वीस किलोमीटर, कारण मध्ये नोरूझ आहे. बरेच सायकलवाले इथे पाटी वाचतात, फोटो काढतात आणि निघतात. मला विचाराल तर सगळ्या सहलीतली ही मुख्य जागा. दिसायला काही नाही : झाडी, झुळझुळणारं पाणी, एक दगडी स्तंभ. पण ही जलविभाजक रेषा आहे. इथलं पाणी पश्चिमेकडे गेलं तर गारोन नदीतून अटलांटिकला मिळतं, पूर्वेकडे गेलं तर भूमध्य समुद्राला. सह्याद्रीच्या धारेवर वाढलेल्या माणसाला ही गोष्ट नवी नाही. पण कालवा खणणाऱ्याची अडचण बघा. सगळ्यात उंच जागी पाणी आणायचं कुठून? प्रत्येक नावेबरोबर दोन्ही उतारांनी पाणी खाली जाणार आणि माथा कोरडा पडणार. बेझिएचा पिएर-पॉल रिके नावाचा माणूस, धंद्याने मिठावरचा कर गोळा करणारा, त्याला उत्तर सापडलं. उत्तरेला माँतान्य न्वार म्हणजे काळा डोंगर आहे, तिथले ओढे चर खणून वळवायचे, सां-फेरेओलला धरण बांधून साठवायचे आणि इथवर आणायचे. चौदाव्या लुईने 1666 मध्ये परवानगी दिली. हजारो मजूर, त्यात बायकाही होत्या, पंधरा वर्षं राबले. रिकेने स्वतःचे पैसे ओतले, कर्जात बुडाला, आणि ऑक्टोबर 1680 मध्ये वारला. कालवा खुला झाला मे 1681 मध्ये. नवरा आयुष्यभर पाटबंधारे खात्यात होता. तो त्या चराच्या काठावर बसला आणि पाऊण तास उठला नाही. त्याने पाण्यात एक काडी टाकली, ती कुठल्या बाजूला जाते ते बघत राहिला, मग दुसरी टाकली.

मुक्काम कॅस्तेलनोदारी. गावापुढे कालव्याचं सात हेक्टरचं तळं आहे, संध्याकाळी तिथे बसा. गाव कासुले या पदार्थाचं : मातीच्या भांड्यात मंद शिजवलेले पांढरे घेवड्याचे दाणे, पण त्यात बदक, डुक्कर आणि सॉसेज. शाकाहारी माणसाने वासावर समाधान मानायचं.

तिसरा दिवस, कारकासोन, 40 किलोमीटर. सुरुवातीलाच सां-रोश इथे चार जलपाशांची पायरी लागते. पुढची वाट खडबडीत आहे, हवा थोडी कमी करून चालवा.

चौथा दिवस सुट्टीचा. कारकासोनचा किल्ला, दुहेरी तटबंदी, 52 बुरूज. एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने तो पडझडीतून उभा केला. त्याने घातलेली टोकदार टोप्यांची छपरं खरी का खोटी यावर अजून वाद आहेत. दुपारी आत शिरलात तर आइस्क्रीम आणि प्लास्टिकच्या तलवारी यापलीकडे काही दिसणार नाही. सकाळी आठच्या आत किंवा रात्री जेवणानंतर जा. तटांमधल्या गल्ल्या फुकट आणि मोकळ्या असतात, तिकीट फक्त आतल्या राजवाड्याला. कपडेही याच दिवशी धुवा.

पाचवा दिवस, ओम्स, पुन्हा 40. आधी मन खट्टू करणारा भाग. कालव्याकाठी 42,000 चिनार होते, त्यांच्या सावलीचे फोटो पाहूनच लोक येतात. 2006 मध्ये त्रेब गावाजवळ या झाडांवर एक बुरशी सापडली. ती झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नसा बंद करते, पाण्यातून पसरते, आणि औषध नाही. हजारो झाडं तोडून जाळावी लागली, जागी दुसऱ्या जातींची रोपं लावली. म्हणून त्रेबच्या पुढे कित्येक किलोमीटर डोक्यावर ऊन असतं. ही मजल सकाळी लवकर संपवा, टोपी हेल्मेटखाली घाला, प्रत्येकी दोन लिटर पाणी ठेवा.

पाण्यावरून आठवलं. बाटली भरायची तर गावाचं कबरस्तान शोधा. फुलांना घालायला तिथे नळ असतो. वर ‘ओ पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर पिण्याचं. त्यात ‘नों’ आलं की नाही. पहिल्या दिवशी संकोच वाटतो, तिसऱ्या दिवसापासून आपण गावात शिरताना चर्चच्या आधी कबरस्तान शोधतो.

सहावा दिवस, कापेस्तां, 43 किलोमीटर. इथून बेझिएपर्यंतचा पट्टा सगळ्यात देखणा. आर्जांचा जलपाश ओलांडला की पुढे 54 किलोमीटर एकही जलपाश नाही. पाणी एकाच पातळीवर ठेवायचं म्हणून कालवा टेकड्यांच्या कडेकडेने नागमोडी जातो. रेप्युद्रला तर तो एका ओढ्यावरच्या पुलावरून जातो : खाली ओढा, वर नावा, हे 1676 चं बांधकाम. दुपारी ल सोमाय गावी थांबा. पूर्वी घोड्यांनी ओढलेल्या टपाल नावेचे प्रवासी इथे रात्री उतरायचे. उंटाच्या पाठीसारखा पूल, बाजूला छोटं देऊळघर, आणि जुन्या पुस्तकांचं एक अवाढव्य दुकान. 1787 मध्ये थॉमस जेफरसन, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, याच कालव्याने सेतहून तुलूझकडे गेले. आपली घोडागाडी चाकं काढून नावेवर चढवली आणि तिच्यात बसून देखावा पाहिला. मला ही कल्पना ई-बाईकपेक्षा बरी वाटली.

कापेस्तांचा पूल फार ठेंगणा आहे. संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून नावेवरचे लोक डोकं वाचवत, छत्र्या मिटत कसे जातात ते पाहा, त्यासारखं फुकटचं नाटक दुसरं नाही.

सातवा दिवस फक्त 20 किलोमीटर, बेझिएपर्यंत. वाटेत मालपास : टेकडी आडवी आली म्हणून 1679 मध्ये रिकेने खालून बोगदा काढला, नावांसाठी खणलेला जगातला पहिला. त्याच टेकडीच्या पोटात खाली रेल्वेचा बोगदा आहे आणि त्याच्याही खाली मध्ययुगातला, पाणी काढून द्यायचा. सायकली कुलूप लावून ठेवा आणि वर आंसेर्यूनच्या टेकडीवर चढा. तिथून माँतादीचं तळं दिसतं. तळं आता नाही. तेराव्या शतकात पाणी काढून शेती केली. सगळे चर मधोमध मिळतात, त्यामुळे शेतं पुरणपोळीचे त्रिकोणी तुकडे केल्यासारखी मांडलेली. बेझिएच्या वेशीवर फोन्सरानचे आठ हौद एकाखाली एक आहेत, सगळे मिळून 21 मीटरहून जास्त उतरण. मागे टेकडीवर सां-नाझेर चर्च.

आठवा दिवस सर्वांत लांब, पन्नासच्या पुढे. आग्दपर्यंत कालवा, तिथला गोल जलपाश आणि काळ्या बेसॉल्टचं चर्च. दख्खनच्या दगडाची आठवण येते. आग्दनंतर सायकल मार्गाच्या पाट्या धरून मार्सेयांच्या किनाऱ्याला या. मग उजवीकडे समुद्र, डावीकडे ‘तो’ सरोवर आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरून थेट सेतपर्यंत सायकल रस्ता. समोरून वारा असेल तर हे दहा-बारा किलोमीटर कालव्याच्या तीस किलोमीटरएवढे वाटतात, म्हणून आग्दला भरपेट जेवून निघा.

जेवणाची वेळ सांभाळा

गावातली खानावळ दुपारी बारा ते दोन, रात्री सातनंतर. अडीचला गेलात तर कोणी उभं करणार नाही. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरीच दुकानं बंद. आम्ही एका रविवारी तीन वाजता एका गावात पोचलो : बेकरी बंद, किराणा बंद, खोलीच्या मालकीणबाई आठनंतर येणार. त्या दिवशी उरलेले चार खाकरे आणि शेंगदाण्याची चटणी यांची वाटणी ज्या काटेकोरपणे झाली, तशी आमच्या वडिलोपार्जित घराचीही झाली नव्हती. शनिवारीच दोन दिवसांचं विकत घ्या.

शाकाहारी असाल तर ‘सां व्हियांद, सां प्वासों’ : मांस नको, मासे नको. नुसतं शाकाहारी म्हटलं तर सॅलडवर डुकराचे बारीक तुकडे येऊ शकतात. बकरीच्या गरम चीजचं सॅलड, ऑम्लेट, भाज्यांचं रातातुई, पिझ्झा मिळतो. आम्हाला आवडलं ते दुपारचं वाटेवरचंच जेवण : बगेत म्हणजे लांब पाव, टोमॅटो, चीज, जर्दाळू, त्यावर मेतकूट. मासे खाणाऱ्यांनी मात्र सेतमध्ये तिएल, म्हणजे ऑक्टोपसचं तिखटसर सारण भरून भाजलेली गोल पाई, सोडू नये. आणि कुठल्याही दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’. त्याशिवाय विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळतं, पण गोड मिळत नाही.

दोघांचे करार

हे निघण्यापूर्वी ठरवा, वाटेवर नाही. हळू चालवणारा माणूस पुढे राहील. तो मागे राहिला की पुढचा दर वळणावर थांबतो, मागचा पोचला की पुढचा निघतो. म्हणजे विश्रांती फक्त एकाला. वाट अरुंद आहे, शेजारीशेजारी चालवायचा हट्ट नको, एक बाजू पाण्याची आहे. नकाशा एकाच्याच फोनवर आणि त्या दिवसापुरता निर्णय त्याचाच. दुसऱ्या दिवशी फोन दुसऱ्याचा. ‘आता किती राहिलं’ हा प्रश्न दिवसातून तीनदाच विचारायचा. आणि ‘रेल्वेने जाऊ या’ असं कोणीही एकाने म्हटलं तर दुसऱ्याने कारण विचारायचं नाही. मी तो हक्क पाचव्या दिवशी वापरायला निघाले होते, पण ओम्सला स्टेशनच नाही. जवळचं स्टेशन लेझिन्यां, दहा किलोमीटर लांब. त्यामुळे कुठल्या मुक्कामी गाडी आहे आणि कुठे नाही, हे तक्त्यात आधीच लिहा.

परतीचा दिवस

सायकल घेताना चारही बाजूंनी फोटो काढा, सेतला देताना तेच दाखवा. ओरखड्यांवरून वाद होत नाही. सायकली परत केल्यावर सेतहून तुलूझला रेल्वेने दोन तासांच्या आसपास लागतात. आम्ही संध्याकाळची गाडी घेतली. आठ दिवसांत चालवलेलं सगळं उलट्या क्रमाने खिडकीतून जात होतं. कारकासोनला गाडी थांबली, तेव्हा स्टेशनसमोरच्या जलपाशात एक नाव वर चढत असणार. नवऱ्याला ती बघायची होती. पण तो झोपला होता, आणि मी उठवलं नाही.